भीड, भाव आणि दूरचित्रवाणीची वर्गणी

महात्मा फुले मंडईत सकाळी नऊच्या सुमारास थोडा वेळ नुसते उभे राहून पाहा. चांगला शिकलेला, पेन्शनीत निघालेला एखादा गृहस्थ मेथीची जुडी हातात घेतो, उलटीपालटी करून बघतो. भाजीवालीने वीस सांगितले की हा पंधराला मागतो. "नाही परवडत हो काका," असे ती म्हणाली की हा दोन पावले पुढे जातो, मागे वळतो आणि अठराला सौदा करतो. वाचलेल्या दोन रुपयांचा त्याला जो आनंद होतो, तो काही दोन रुपयांचा नसतो. आपण फसलो नाही, याचा तो आनंद असतो.

हाच गृहस्थ घरी येतो. दुपारी मोबाईलवर निरोप येतो, की तुमच्या टीव्हीच्या जोडणीची मुदत उद्या संपते आहे. तो चष्मा लावतो, पाचशेच्या वर काही रुपये मुकाट्याने भरतो आणि चहा मागवतो. या पैशात वाहिन्या किती, त्यांतल्या आपण बघतो किती, गेल्या वर्षी हाच दर होता का, शेजारी काय भरतात, यातले एक अक्षरही तो विचारीत नाही. आता सांगा, मेथीच्या जुडीपाशी जी अक्कल जागी होती ती इथे कुठे गेली?

या प्रश्नाविषयी मला तुमच्याशी चार शब्द बोलायचे आहेत. माझे म्हणणे थोडक्यात असे: दूरचित्रवाणीची वर्गणी हा कर नव्हे, तो भाव आहे. आणि जिथे भाव आहे, तिथे विचारणा करण्यात लाजण्यासारखे काही नाही. किंबहुना गेल्या काही वर्षांत नियम जसे बदलले आहेत, ते पाहता आता विचारणा न करणे हेच महागात पडू लागले आहे.

आपली ही भीड कुठून आली असावी, याचा विचार केला तर मला एक कारण दिसते. आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळात रेडिओ घरात ठेवायचा तर सरकारी परवाना लागे. पोस्टात जाऊन त्याचे पैसे भरावे लागत. पुढे टीव्ही आला, त्यालाही परवाना आला. १९८० नंतरच्या दशकात ही पद्धत संपली. परंतु मनातली सवय काही संपली नाही. पोस्टाच्या खिडकीशी कोणी घासाघीस करीत नसे, करणे शक्यही नव्हते. परवाना गेला, वर्गणी आली. आणि आपण ती वर्गणीही परवान्यासारखीच खाली मान घालून भरू लागलो.

मला हे सुचले ते मात्र पुस्तके वाचून नव्हे, चांगली ठेच लागून. माझे वडील जाऊन तीन वर्षे झाली. त्यांना क्रिकेटचे वेड. कसोटी सामना असला की सकाळपासून त्यांची खुर्ची टीव्हीसमोर. त्यांनी आपल्या हौसेने खेळांच्या सगळ्या वाहिन्या असलेला मोठा संच घेतलेला होता. ते गेल्यावर त्या जोडणीचे पैसे माझ्या खात्यातून दरमहा आपोआप जाऊ लागले. आई एकटी असते. ती संध्याकाळी दोन मराठी मालिका बघते, सातच्या बातम्या ऐकते आणि अधूनमधून सह्याद्री लावते. महिन्याला जात होते पाचशे साठ रुपये.

परवा मी तिला सहज विचारले, "आई, यातलं तू काय काय बघतेस गं?"

ती म्हणाली, "मला मेलं बटण दाबत इतकं पुढं कुणी जायला सांगितलंय? माझे चारच नंबर पाठ आहेत."

चार नंबर! मी अर्थशास्त्र शिकवतो. वर्गात फळ्यावर मागणीची रेषा काढून, ग्राहक आपल्या गरजेप्रमाणे खर्चाची वाटणी कशी करतो, ते मुलांना समजावून सांगतो. आणि माझ्याच घरात, कोणी न बघणाऱ्या वाहिन्यांपायी दरमहा सुमारे दोनशे वीस रुपये जात होते. छत्तीस महिन्यांचा हिशेब केला तर सात हजार नऊशे वीस. कोणी लुबाडले म्हणावे, तर तसेही नाही. मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही, एवढेच. 'भीड भिकेची बहीण' असे आपण म्हणतो. इथे भीड होती आणि तिच्या जोडीला आळसही होता.

आता हा भाव ठरतो कसा, ते थोडे मागे जाऊन पाहू. मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते चित्र पुण्यात घरोघरी दिसू लागले. त्या वेळी वाहिनी एक, आणि निवडीचा प्रश्नच नव्हता. १९९१ नंतर केबल आली. पेठांतून एका वाड्याच्या कौलांवरून दुसऱ्या वाड्याच्या गच्चीवर काळ्या तारा गेल्या. केबलवाला महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दारात उभा राही, आणि त्याच्याशी दोन शब्द बोलता येत: "गेल्या महिन्यात आठ दिवस चित्र नव्हतं, वीस रुपये कमी घे." तोही डोके खाजवून दहा कमी करी. म्हणजे घासाघीस तेव्हाही होती. समोर माणूस होता, म्हणून ती सोपी होती.

पुढे छपरावरच्या तबकड्या आल्या. खासगी कंपन्यांची सेवा २००३ पासून, आणि दूरदर्शनची मासिक वर्गणी नसलेली सेवा २००४ च्या डिसेंबरात. केबललाही सेट-टॉप बॉक्स लावणे सक्तीचे झाले. देशातल्या अडतीस शहरांच्या दुसऱ्या टप्प्यात पुणे होते आणि त्याची मुदत होती ३१ मार्च २०१३. तेव्हापासून भाव सांगणारा माणूस दारातून नाहीसा झाला, आणि त्याच्या जागी पडद्यावरचा आकडा आला. आकड्याशी कोणी बोलत नाही. इथेच आपण गप्प झालो.

आपण गप्प असताना आपल्या वतीने कायदा बोलत होता, हेही सांगितले पाहिजे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ज्याला आपण 'ट्राय' म्हणतो त्याने, २०१७ मध्ये नवे नियम केले आणि २०१९ च्या फेब्रुवारीपासून ते घरोघरी लागू झाले. त्यांचा गाभा असा, की जी वाहिनी बघायची तिचेच पैसे द्यायचे. प्रत्येक सशुल्क वाहिनीने आपली किंमत जाहीर करायची. शंभर वाहिन्या घरापर्यंत पोचवण्याची जी मूळ आकारणी, ती एकशे तीस रुपयांवर न्यायची नाही. तिच्यावर अठरा टक्के कर धरून १५३ रुपये ४० पैसे. १ जानेवारी २०२० रोजी त्यात सुधारणा झाली आणि तेवढ्याच एकशे तिसांत दोनशे वाहिन्या द्याव्यात, कितीही वाहिन्या घेतल्या तरी एकशे साठांच्या वर जाऊ नये, असे ठरले.

आता यातली एक गंमत ऐका. त्याच सुधारणेत असे होते, की ज्या वाहिनीची किंमत बारा रुपयांहून जास्त, ती संचात घालता येणार नाही. आधी ही मर्यादा एकोणीस रुपये होती. एकोणीस आणि बारा, फरक सात रुपयांचा! या आणि अशा कलमांसाठी मोठमोठ्या वाहिन्यांच्या कंपन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २०२१ मध्ये तिथला निकाल बहुतांशी प्राधिकरणाच्या बाजूने लागला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. अखेर २०२२ च्या नोव्हेंबरात प्राधिकरणानेच मर्यादा पुन्हा एकोणीसवर नेली आणि संचावर जास्तीत जास्त पंचेचाळीस टक्के सूट देता येईल असे ठरवले. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्यांना सात रुपयांसाठी वर्षानुवर्षे भांडण्याची लाज वाटली नाही. वाटण्याचे कारणही नव्हते, तो त्यांचा व्यवहार आहे. मग तुम्हीआम्ही पन्नास रुपयांविषयी एक फोन करायचा तर आपल्याला संकोच का वाटावा?

आणि आता मुख्य मुद्दा. ८ जुलै २०२४ रोजी प्राधिकरणाने मूळ आकारणीवरची ती एकशे तीस आणि एकशे साठ रुपयांची मर्यादा काढून टाकली. दर जाहीर करावा लागतो. पण तो किती असावा हे कंपनीने ठरवायचे. वेगवेगळ्या भागांत, वेगवेगळ्या प्रकारच्या ग्राहकांना, वाहिन्यांच्या संख्येप्रमाणे तो वेगळाही ठेवता येतो. हे चांगले की वाईट, हा वाद अर्थशास्त्रज्ञांवर सोडू. तुमच्याआमच्यापुरता त्याचा अर्थ एवढाच, की मूळ आकारणीपुरती आपल्या वतीने कायदा जी घासाघीस करीत होता ती त्याने थांबवली आहे. आता ती आपल्यालाच केली पाहिजे.

तुम्ही म्हणाल, कंपनी एवढी मोठी, माझ्यासारख्या एकट्या गिऱ्हाइकाचे ती का ऐकेल? ऐकते, आणि त्याचे कारण साधे आहे. उपग्रहावरून येणारे चित्र तुमच्या घरी पोचले काय आणि न पोचले काय, उपग्रहाचे भाडे तेवढेच. तुम्ही सोडून गेलात तर तिचा खर्च जवळजवळ कमी होत नाही, उत्पन्न मात्र जाते. शिवाय नवे गिऱ्हाईक मिळवायचे तर जाहिरात आली, बॉक्स आला, बसवणारा माणूस आला. म्हणून असलेले गिऱ्हाईक थोडे कमी पैसे घेऊनही टिकवणे तिला परवडते. त्यातून हल्ली लोक इंटरनेटवरून कार्यक्रम पाहू लागले आहेत. २०२० च्या सुमारास देशात छपरावरच्या तबकडीचे पैसे भरणारे सात कोटींच्या घरात होते. २०२५ मध्ये ती संख्या सहा कोटींच्या खाली उतरलेली होती. जिचे गिऱ्हाईक आटते आहे, ती कंपनी 'मी सोडतो' हे शब्द कान देऊन ऐकते.

ए. सी. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये भावभेदाची मीमांसा केली. एकच वस्तू वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या भावाने विकली जाते ती कशी, याचा तो विचार आहे. आपल्या विषयात हा भेद गरीब-श्रीमंत असा पडत नाही. तो पडतो विचारणारा आणि न विचारणारा असा. जो विचारतो त्याला सूट, जो विचारीत नाही त्याला पूर्ण दर. आणि न विचारणारे कोण असतात? वृद्ध माणसे, एकट्या राहणाऱ्या बाया, फोनवरची यंत्रातली हिंदी-इंग्रजी सूचना ज्यांना नीट कळत नाही ते. म्हणजे सवलतीची गरज ज्यांना सर्वांत जास्त, नेमके तेच सगळ्यांत जास्त भरतात. मला यातली ही गोष्ट बोचते, आणि म्हणूनच हा विषय पाचपन्नास रुपयांपुरता राहत नाही.

आता करायचे काय, ते क्रमाने सांगतो.

पहिले काम फोन करण्याचे नव्हे, कागद घेण्याचे. पंधरा दिवस टीव्हीजवळ एक वही ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाने जी वाहिनी पाहिली तिचे नाव तीत लिहा. पंधरा दिवसांनी यादी बघाल तर ती क्वचितच दहाबारांच्या पुढे गेलेली असते. मग आपल्या संचातल्या वाहिन्यांची छापील किंमत बघा. ती पडद्यावर किंवा कंपनीच्या यादीत असते. एकच वाहिनी साध्या आणि स्पष्ट, म्हणजे एच. डी., अशा दोन्ही रूपांत घेतलेली सापडेल. तीतले एक रूप काढता येते.

दुसरे, संच घ्यावा की सुटी वाहिनी घ्यावी, याचा हिशेब करा. समजा, एका संचात एकोणीस रुपयांच्या पाच वाहिन्या आहेत. सुट्या घेतल्या तर पंचाण्णव रुपये. संचावर पूर्ण पंचेचाळीस टक्के सूट दिली तर होतात ५२ रुपये २५ पैसे. आता तुम्ही त्यांतल्या दोनच बघत असाल तर सुट्या घेऊन अडतीस रुपयांत काम होते; संच घेणे तोट्याचे. तीन बघत असाल तर सत्तावन्न होतात, म्हणजे संच स्वस्त. दोन्हींवर कर सारखाच लागतो. दोन आणि तीन यांच्यामध्ये ही सीमा आहे. 'पाच वाहिन्या जवळजवळ निम्म्या किमतीत' हे ऐकायला गोड लागते. पण न बघणाऱ्याला ती निम्मी किंमतही फुकटच जाते.

तिसरे, मग फोन. नंबर घ्यायचा तो बिलावरचा किंवा पडद्यावर दिसतो तो. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या नंबरावर विश्वास ठेवू नका, त्या वाटेने पुष्कळांची फसवणूक झालेली आहे. आणि फोनवर आलेला गुप्त आकडा, तो ओटीपी, कोणालाही सांगू नका. सवलत देणाऱ्याला त्याची गरज नसते.

फोनवर कसे बोलावे, हे मी स्वतः कसे बोललो त्यावरून सांगतो. पहिल्याने फोन घेतलेल्या मुलीला मी म्हटले, "ताई, या जोडणीवरच्या अमुक अमुक वाहिन्या काढून टाका." तिने काढल्या. पाचशे साठांचे तीनशे चाळीस झाले. त्यात वाटाघाट काही नव्हती. नको ते काढले, एवढेच. मग मी म्हणालो, "ही जोडणी अकरा वर्षं जुनी आहे. नव्या ग्राहकाला तुम्ही याहून कमी दर देता, असं तुमच्याच जाहिरातीत आहे. जुन्याला काय देता?"

ती म्हणाली, "सर, ती ऑफर फक्त नवीन कनेक्शनसाठी आहे."

मी म्हटले, "तुमचा दोष नाही ताई. पण मग मला जोडणी बंद करायची आहे. त्यासाठी कोणाशी बोलू?"

फोन दुसरीकडे गेला. तिथल्या गृहस्थांनी अकरा वर्षांबद्दल आभार मानले, आणि सहा महिन्यांचे एकदम भरल्यास दरमहा दोनशे नव्वद पडतील असे सांगितले. मी विचारले, "करासकट? आणि सहा महिन्यांनंतर काय?" त्यांनी सांगितले ते लिहून घेतले. तारीख लिहिली, तक्रारीचा क्रमांक घेतला.

या गोष्टीतला हिशेब नीट पाहा. दोनशे वीस रुपये वाचले ते छाटणीने. बोलण्याने वाचले ते पन्नास. बोलण्यात वाकबगार नसलेल्या माणसानेही धीर सोडू नये, तो याचसाठी. मोठा भाग वहीतच मिळतो, फोनवर नव्हे.

फोनवर मात्र तीन पथ्ये पाळावीत. एक म्हणजे आवाज चढवू नये. पलीकडची मुलगी दिवसभर लोकांचा राग ऐकून घेते. दर तिने ठरवलेला नसतो. सूट देण्याचा अधिकार बहुधा तिच्याकडे नसतो, तो दुसऱ्या टेबलाशी असतो. त्या टेबलापर्यंत पोचायचे तर तिच्या मदतीनेच पोचायचे आहे. दुसरे, खोटी धमकी देऊ नये. 'सोडतो' म्हणायचे तर खरोखर सोडण्याची तयारी असावी, आणि सोडून कुठे जाणार हे आधी पाहिलेले असावे. दूरदर्शनच्या फ्री डिशला बॉक्स आणि तबकडी एकदा घेतली की मासिक वर्गणी नाही. पण तिथे आपली आवडती मालिका असेलच असे नाही. केबल किंवा दुसरी कंपनी घ्यायची तर बहुधा नवा बॉक्स घ्यावा लागतो. त्याची किंमत हिशेबात धरा. इंटरनेटवरून बघायचे तर तिथेही वर्गण्या असतात, आणि त्या आपोआप नव्या होत राहतात. खात्यातून आपोआप जाणाऱ्या अशा रकमेची सूचना २०२१ च्या ऑक्टोबरपासून बँकेने चोवीस तास आधी द्यायची असते. तो निरोप वाचायची मात्र सवय हवी. माझ्या बाबतीत निरोप येत होते, मी ते पुसून टाकीत होतो.

तिसरे पथ्य म्हणजे सगळी रक्कम आणि मुदत विचारून घेणे. पहिल्या तीन महिन्यांची सूट आणि पुढे चढा दर, ही युक्ती कापडदुकानापासून सगळीकडे आहे. 'करासकट किती, किती महिन्यांसाठी, आणि नंतर किती' ही तीन वाक्ये पाठ करून ठेवा. घरात दुसरा टीव्ही असेल तर त्याचा कमी दर मागा. दोन-तीन महिने गावाला किंवा परदेशी मुलांकडे जाणार असाल तर तेवढे दिवस सेवा स्थगित ठेवायला सांगा. आणि दाद लागली नाही तर तक्रारीचा क्रमांक घेऊन कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा, नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ या नंबरावर बोला.

इथे एक अपवाद सांगितल्याशिवाय मला बरे वाटणार नाही. तुमच्याकडे गल्लीतल्या केबलवाल्याची जोडणी असेल, तर त्याच्याशी बोलताना हात जरा आखडता घ्या. बाहेरचा मोठा वितरक आणि हा, यांच्यात वेगळा करार झालेला नसेल तर मूळ आकारणीची वाटणी पंचावन्न आणि पंचेचाळीस अशी होते, आणि याच्या वाट्याला पंचेचाळीस येतात. वाहिन्यांच्या किमती तो ठरवीत नाही. ऐन गणपतीच्या पावसात तार तुटली तर गच्चीवर चढणारा तोच असतो. त्याच्याकडे वाहिन्या छाटून मागा, लहान संच मागा. त्याच्या पंचेचाळिसात हात घालू नका. भाजीवालीकडून दोन रुपये काढण्यात आपण पटाईत असतो. जिथे ताकद कमी तिथे जोर, आणि जिथे ताकद जास्त तिथे भीड, असे आपले उलटे झाले आहे. ते सुलटे करायला हवे.

आल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक छोटे पण मार्मिक पुस्तक लिहिले. एखाद्या संस्थेचे काम बिघडले तर माणसापुढे दोन वाटा असतात, असे तो सांगतो: निघून जाणे किंवा बोलून दाखवणे. आणि निष्ठा ही गोष्ट अशी, की ती माणसाला लगेच निघून जाऊ देत नाही, थांबून बोलायला लावते. आपण मात्र निघूनही जात नाही आणि बोलतही नाही, नुसते भरत राहतो. या तिसऱ्या वाटेला निष्ठा म्हणता येणार नाही.

एकट्याने बोलणे जड जात असेल तर दहाजणांनी मिळून बोलावे. या बाबतीत पुण्याला कोणी शिकवायला नको. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम याच शहरात सुरू केले. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये झाला. गिऱ्हाईक हे बाजाराचे शेवटचे टोक नाही, तोही व्यवहारातला बरोबरीचा पक्ष आहे, हा विचार त्या चळवळीने घरोघरी नेला. आज आपल्या सोसायट्यांतून पन्नास-पन्नास, शंभर-शंभर बिऱ्हाडे राहतात. जिन्याच्या दिव्यावरून आणि गाडी लावण्याच्या जागेवरून सभा तासतास चालतात. त्यातली दहा मिनिटे काढून कोण किती भरतो याची एक यादी फलकावर लावा. एकाच जिन्यात एकाच संचाचे तीन दर आहेत असे आढळले, तर शंभर बिऱ्हाडांच्या वतीने बोलणाऱ्या एका माणसाचे कोणतीही कंपनी ऐकेल. आणि त्यात तुमच्या वरच्या मजल्यावरच्या त्या एकट्या आजींचाही दर कमी होईल, ज्यांना फोन करणे कधीच जमले नसते.

शेवटी माझ्या आईची गोष्ट पुरी करतो. दोनशे नव्वदचा हिशेब जुळवून मी मोठ्या फुशारकीने तिला सांगायला गेलो. खेळाच्या सगळ्या वाहिन्या काढून टाकल्या, हेही सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सगळ्या काढल्यास? त्यांचा तो कसोटीचा चॅनेल होता, तो राहू दे रे एक. दुपारी मी तो आवाज बारीक करून लावून ठेवते. घरात कुणीतरी असल्यासारखं वाटतं."

पंधरा दिवसांची वही मी ठेवलीच नव्हती. चार नंबर ऐकले आणि निघालो होतो छाटायला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, ती एक वाहिनी परत जोडून घेतली. एकोणीस रुपये आणि त्यावरचा कर, म्हणजे दोनशे नव्वदचे सुमारे तीनशे बारा झाले. इतके चोख दिलेले बावीस रुपये मला दुसरे आठवत नाहीत.

म्हणून सांगतो, भाव कमी करून घेणे म्हणजे चिक्कूपणा नव्हे. आपल्याला काय हवे आहे हे आधी घरात बसून, घरातल्या माणसांना विचारून ठरवायचे. त्याचे पैसे आनंदाने द्यायचे. आणि जे नको आहे त्याचे पैसे का द्यायचे, हा प्रश्न मग शांतपणे, न लाजता विचारायचा. या महिन्याची मुदत संपल्याचा निरोप येईल तेव्हा पैसे भरण्याआधी एवढे एकदा करून पाहा. आणि स्वतःचे झाल्यावर आपल्या ओळखीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या टीव्हीसमोर अर्धा तास बसा. त्यांच्यासाठी तो फोन तुम्ही करा.